बुद्धिबळाची गोडी कशात आहे?

बुद्धिबळाचा डाव अगदी रंगात आलेला असताना तिऱ्हाइताला तेथे काहीच घडताना दिसत नाही. दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात, मध्ये चौसष्ट घरांचा पट असतो आणि दोघांची नजर त्या पटावर खिळलेली असते. पाच मिनिटे जातात, दहा मिनिटे जातात. मग एक हात पुढे होतो, एक मोहरे या घरातून त्या घरात जाते आणि पुन्हा शांतता पसरते. कुस्तीच्या फडातील आरोळ्या येथे नाहीत, मैदानी खेळातील धावपळ नाही, की पत्त्यांच्या अड्ड्यातील थट्टामस्करी नाही. तरीही समोरचा चहा निवून गेल्याचे त्या दोघांना भान नसते आणि जेवणासाठी आतून आलेली हाक त्यांच्या कानापर्यंत पोहोचत नाही. हा आनंद आहे तरी कसला?

प्रश्न जुनाच आहे. पण गेल्या काही दशकांत त्याला नवी धार आली आहे. १९९७ सालच्या मे महिन्यात न्यू यॉर्क येथे ‘डीप ब्लू’ नावाच्या संगणकाने त्या वेळचे जगज्जेते गॅरी कास्पारोव यांना सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरविले. आज तर खिशातल्या फोनवर चालणारी आज्ञावलीही जगातील कोणत्याही खेळाडूपेक्षा अचूक खेळते. उत्तम चाल कोणती, एवढेच जाणण्यात या खेळाचा आनंद साठविलेला असता, तर त्या दिवसापासून पट गुंडाळून ठेवावे लागले असते. तसे झाले नाही. मुले अजून हा खेळ शिकतात, निवृत्त गृहस्थ अजून संध्याकाळी पट मांडतात. यावरून एक गोष्ट उघड होते. बुद्धिबळाची गोडी उत्तर माहीत असण्यात नाही. ते स्वतः शोधण्यात, स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्यात आणि त्याचे फळ स्वतः चाखण्यात आहे. ही एक गोडी निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांना निरनिराळ्या रूपांत कशी भेटते, हे पाहण्यासारखे आहे.

सर्वांत पहिले रूप न्यायाचे होय. सोंगट्यांच्या खेळात कवड्यांचे दान हवे, पत्त्यांत हाती आलेली पाने चांगली हवीत. मैदानी खेळात वारा, ऊन, सोबती आणि पंच या सर्वांचा थोडाफार वाटा असतोच. बुद्धिबळात दोन्ही पक्षांना सारखेच सोळा मोहरे मिळतात आणि सगळे पटावर उघडे मांडलेले असतात. पांढऱ्या मोहऱ्यांना पहिल्या चालीचा थोडासा लाभ असतो. पण डावागणिक रंग बदलले की तोही फिटतो. मग हार झाली तर बोल कोणाला लावायचा? दैवाला नाही, सोबत्याला नाही, पंचालाही नाही. पहिल्याने ऐकताना ही गोष्ट कठोर वाटते. परंतु या कठोरपणातच मोठे समाधान दडलेले आहे. व्यवहारात श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, चूक वरिष्ठाची आणि बोलणी कारकुनाला, असे अनेकदा घडते. आपले यश कितपत आपले आणि अपयश कितपत आपले, याचा हिशेब आयुष्यभर लागत नाही. पटावर मात्र तो तासाभरात, स्वच्छ लागतो. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाप्रमाणे वागलेल्या माणसाला संध्याकाळी घटकाभर स्वतःच्या निर्णयाचा धनी होता येते, हे काही लहानसहान सुख नव्हे.

पटावरील न्याय किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण अविस्मरणीय आहे. पंजाबातील मीर सुलतान खान हे सर उमर हयात खान या जमीनदारांच्या पदरी होते. ते हिंदुस्थानी पद्धतीने खेळत वाढले. युरोपीय नियम त्यांनी प्रौढपणी आत्मसात केले. धन्याबरोबर इंग्लंडला गेल्यावर त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटनचे विजेतेपद मिळविले. १९३०च्या अखेरीस सुरू झालेल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत तर त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्यावर मात केली. त्याच घरच्या आश्रयाला असलेल्या फातिमा यांनी १९३३ साली ब्रिटनचे स्त्रियांचे विजेतेपद मिळविले. पटाबाहेर त्यांची पायरी कोणती, हे त्या काळच्या समाजाने ठरविले होते; पटावर ती पायरी कोणी विचारली नाही.

दुसरे रूप ओळखीचे आहे. बुद्धिबळ म्हणजे डोक्यात चाललेले अफाट गणित, असा सर्वसाधारण समज असतो. आकडे तसे भयंकरच आहेत. पांढऱ्याला पहिल्या चालीचे वीस पर्याय असतात, काळ्यालाही उत्तराचे वीस. म्हणजे दोघांची एकेक चाल होते न होते तोच चारशे निरनिराळ्या स्थिती संभवतात. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात संभाव्य डावांची संख्या एकावर एकशेवीस शून्ये इतकी अंदाजिली होती. एवढे मोजणे कोणत्याही मेंदूच्या आवाक्यातले नाही. मग माणूस खेळतो तरी कसा? डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात निष्णात खेळाडूंच्या विचारपद्धतीचा अभ्यास मांडला. साधारण खेळाडूच्या मानाने निष्णात खेळाडू फार पुढच्या चाली मोजतात असे त्यांना आढळले नाही. त्यांची नजर मात्र मर्माच्या जागी लवकर पोहोचत होती. पुढे १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकन संशोधकांनी खेळाडूंना पटावरील स्थिती काही सेकंद दाखवून ती पुन्हा मांडावयास सांगितली. खऱ्या डावातील स्थिती निष्णात खेळाडूने जवळजवळ जशीच्या तशी मांडली. पण तेच मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले, तेव्हा त्याची स्मृती नवशिक्याहून फारशी सरस ठरली नाही.

याचा अर्थ असा की, जाणता खेळाडू सुटे मोहरे पाहत नाही, त्यांच्यातील नाती पाहतो. हा घोडा त्या प्याद्याचा राखणदार आहे, हा उंट लांबून त्या राजाच्या घरावर डोळा ठेवून आहे, हे त्याला न मोजता दिसते. गाण्याच्या बैठकीत जाणकार श्रोत्याला दोनचार स्वरांतच रागाची चाहूल लागते, तसाच हा प्रकार आहे. म्हणूनच या खेळाची गोडी वर्षांगणिक वाढत जाते. दहा वर्षांपूर्वी ज्या पटावर नुसती लाकडे दिसत होती, त्याच पटावर आता हल्ले, आडोसे, सापळे आणि वाटा दिसू लागतात. आपल्याच डोळ्यांत नवी दृष्टी आल्याचा हा अनुभव असामान्य बुद्धीच्या माणसांपुरता राखून ठेवलेला नाही. नियमाने खेळणाऱ्या कोणाही सामान्य माणसाला तो आपल्या परीने येतो.

तिसरे रूप सौंदर्याचे. लाकडाच्या मोहऱ्यांत सौंदर्य कोठून आले, अशी शंका कोणी घेईल. रिखार्ड रेटी यांनी १९२१ साली रचलेला एक छोटा कूटप्रश्न त्या शंकेला उत्तर देतो. पटावर चारच मोहरे आहेत: दोन राजे आणि दोन प्यादी. काळ्याचे प्यादे वजीर होण्यासाठी धावत सुटले आहे आणि त्याला गाठायला पांढरा राजा दोन चालींनी उशिरा पोहोचणार आहे. इकडे पांढऱ्याचे स्वतःचे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे. धावणारे प्यादे गाठता येत नाही आणि स्वतःचे वाचविता येत नाही. डाव हरलेलाच म्हणावयाचा. पण पांढरा राजा सरळ न जाता तिरका चालू लागतो. त्याच्या प्रत्येक तिरक्या पावलाबरोबर शत्रूचे प्यादेही जवळ येते आणि स्वतःचे प्यादेही. आता काळ्याने एकीकडे लक्ष दिले की दुसरीकडचे काम साधते, आणि हरलेला डाव बरोबरीत सुटतो. जमिनीवर तिरकी वाट सरळ वाटेहून लांब पडते. राजाच्या पावलांनी मोजली तर पटावर ती तेवढ्याच घरांची असते. या साध्या भूमितीतून केवढा चमत्कार घडला! तो प्रथम उमगतो तेव्हा मनाला होणारा आनंद एखाद्या उत्तम श्लोकाचा अर्थ उलगडल्याच्या आनंदाहून निराळा नसतो. विसाव्या शतकातील विख्यात फ्रेंच चित्रकार मार्सेल द्युशाँ यांनी तर या आनंदापायी आयुष्यातील कितीतरी वर्षे बुद्धिबळाला दिली; ते फ्रान्सच्या संघातून ऑलिंपियाड स्पर्धांत खेळले आणि डावाच्या अखेरच्या अवस्थेवर १९३२ साली त्यांनी एका सहलेखकासमवेत पुस्तकही प्रसिद्ध केले.

चौथे रूप सोबतीचे. बुद्धिबळ हा एकलकोंड्यांचा खेळ आहे असे म्हणतात, पण ते अर्धेच खरे आहे. एरवी ज्यांना चारचौघांत बोलणे सुचत नाही, त्यांना येथे न बोलता तासन्‌तास कोणाच्या तरी सहवासात राहता येते. आणि हा सहवास मुका असला तरी पोकळ नसतो. उतावळा माणूस दहाव्या चालीला चढाई करतो, कृपण माणूस एक प्यादे सोडताना कष्टी होतो, हट्टी माणूस फसलेला बेत शेवटपर्यंत रेटतो. वर्षानुवर्षे एकत्र खेळणारे दोघे एकमेकांचा स्वभाव नातलगांपेक्षा अधिक ओळखतात, ते यामुळेच. एकमेकांपासून दूर राहणारे मित्र पूर्वी पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून पाठवीत; एक डाव महिनोन्‌महिने चाले आणि त्या निमित्ताने क्षेमकुशलही कळे. अंध खेळाडूंसाठी केलेल्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, मोहरे भोकांत रोवलेले असतात आणि एका बाजूच्या मोहऱ्यांच्या माथ्यावर खुणेचा टोकदार उंचवटा असतो. बोटांनी पट चाचपीत आणि चाली मोठ्याने सांगत ते डोळस खेळाडूशी बरोबरीने झुंजतात. आजोबा आणि नातू, तरुण आणि वृद्ध यांनी कोणतीही सवलत न देता-घेता समोरासमोर बसावे, असे खेळ जगात फार थोडे आहेत.

मराठी घरांना ही सोबत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, राजाला एकदाच घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजत. सगळ्यांत धाकट्या शिपायाकडून राजाला कोंडविण्यात खेळणाऱ्याच्या कसबाची खरी परीक्षा होई. पुढे नवे नियम रुळले तरी ओढ टिकून राहिली. १९५५ साली झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे विजेतेपद रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह मिळविले. सांगलीस भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे अनेक पिढ्यांना या खेळाचे वळण लावले. १९७४ साली स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत वासंती खाडिलकर विजयी झाल्या आणि त्यांच्यामागून जयश्री व रोहिणी या भगिनींनीही ते पद पुनःपुन्हा मिळविले. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा आक्षेप घेतले गेले; पण स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेने दिला. ज्या पटाला डाव्या-उजव्याचा भेद ठाऊक नाही, त्याला स्त्रीपुरुषांचा भेद का असावा? २०२५च्या जुलैमध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुख यांनी जॉर्जियातील बातुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षीच्या अखेरीस खुल्या गटाची विश्वचषक स्पर्धा गोव्यात भरली. सोप्यावर मांडलेल्या पटापासून येथवरचा हा प्रवास आहे.

आता या खेळातील सर्वांत अवघड गोष्टीकडे वळले पाहिजे. ती म्हणजे हार. धावण्याच्या शर्यतीत मागे पडलेला मनुष्य पाय दुखत होते असे म्हणू शकतो. बुद्धिबळात हरलेल्याला असे काही म्हणता येत नाही. बुद्धी हरली असे वाटते आणि ते मनाला झोंबते. मग माणसे पुन्हा पट का मांडतात? कारण या खेळात हार केवळ सोसावी लागत नाही, ती समजूनही घेता येते. प्रत्येक चाल कागदावर नोंदविता येते आणि डाव संपल्यावर तो पहिल्यापासून पुन्हा मांडता येतो. पॉल मॉर्फी या अमेरिकन तरुणाने १८५८ साली पॅरिसच्या एका नाट्यगृहात दोन सरदारांच्या जोडीविरुद्ध खेळलेला सतरा चालींचा डाव आजही कोणालाही घरी बसून जसाच्या तसा खेळून पाहता येतो. त्याचप्रमाणे कालचा स्वतःचा हरलेला डावही मांडता येतो. चौदाव्या चालीला घोडा तेथे नेला, तेथूनच घसरण लागली, असे बोट ठेवून दाखविता येते. आयुष्यातल्या चुका अशा क्वचितच सापडतात आणि सापडल्या तरी तो डाव पुन्हा मांडता येत नाही. चुकीचा पत्ता लागणे आणि पुन्हा संधी मिळणे, या दोन्ही गोष्टी पट देतो. म्हणून हारही त्याला गोड करता येते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८६ साली बुद्धिबळातील नीतीवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला होता. दूरदृष्टी, चौफेर अवलोकन, सावधपणा आणि बिकट प्रसंगीही आशा न सोडणे, हे गुण या खेळाने अंगी बाणतात असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. प्रतिपक्ष्याला घाई करू नये, तो विचार करीत असताना गुणगुणू नये, आणि पाहणाऱ्यांनी तोंड मिटून बसावे, असा उपदेशही त्यांनी केला आहे. यांपैकी शेवटचा उपदेश जगात कोठेही फारसा पाळला जात नाही, हे कोणत्याही पाराजवळ उभे राहिल्यास दिसून येईल!

अर्थात या गोडीला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. प्रेमचंदांनी १९२४ सालच्या आपल्या प्रसिद्ध कथेत लखनौचे दोन अमीर रंगविले आहेत. राज्य बुडत असता ते पटावरच्या वजिरासाठी भांडतात. जो आनंद मनाला निर्णय घ्यावयास शिकवितो, तोच आनंद खऱ्या निर्णयांपासून पळून जाण्याची वाटही होऊ शकतो. आज तीन-तीन मिनिटांचे डाव फोनवर एकामागून एक खेळता येतात. हरलेला डाव समजून घेण्याऐवजी लगेच दुसरा मांडून गेलेले गुण परत मिळवावे, ही ओढ रात्रीच्या रात्री खाऊन टाकते. आनंद आणि चटक यांतील सीमा ओळखण्याची खूण सोपी आहे. डावावरून उठताना मन ताजे वाटत असेल, तर तो खेळ. शिणलेले आणि खजील वाटत असेल, तर खेळ केव्हाच संपलेला असतो.

राहता राहिला यंत्राचा प्रश्न. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे दोम्मराजू गुकेश आणि चीनचे डिंग लिरेन यांच्यातील जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा आणि अखेरचा डाव चालू होता. गुण समसमान होते आणि डावही बरोबरीकडे झुकला होता. पंचावन्नाव्या चालीला डिंग यांनी हत्ती चुकीच्या घरात नेला. जगभर यंत्रांच्या पडद्यावर ती चूक तत्क्षणी उमटली. लाखो प्रेक्षकांना ती दिसली. ज्यांना ती दिसत नव्हती असे दोघेच होते, आणि तेच दोघे खेळत होते. काही क्षणांनी गुकेश यांच्या चेहऱ्यावर ते उमटले, आणि डाव संपला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या जगज्जेत्याला अश्रू आवरेनात. यंत्राला उत्तर आधीच ठाऊक होते. पण त्याला ना भीती वाटली, ना आनंद झाला, ना रडू आले. चुकण्याची शक्यता असूनही हात पुढे करणे, हे माणसाचेच काम आहे आणि त्या धैर्याचेच दुसरे नाव खेळ असे आहे.

म्हणून ज्याला हा खेळ येत नाही त्याने यंत्राच्या भयाने वा बुद्धीच्या संकोचाने दूर राहण्याचे कारण नाही. जगज्जेता होण्यासाठी फार थोडे जन्मतात. पण शांतपणे विचार करावा, आपला निर्णय आपण घ्यावा, चूक कबूल करून पुन्हा बसावे, एवढे साधण्यासाठी कोणालाही एक पट, बत्तीस मोहरे आणि समोर एक माणूस पुरतो. घरातील मुलाला मोहऱ्यांच्या चाली शिकविण्यास एक सुट्टीचा दिवस पुरे होतो. त्यानंतर एके दिवशी तेच मूल शिकविणाऱ्यावर मात करील, आणि त्या दिवशी हरणाऱ्याला जो आनंद होईल, तो या खेळातील सर्वांत मोठा आनंद समजण्यास हरकत नाही.